हात ठेवण्यापूर्वी

अमरावतीस परवा एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. विनाअनुदानित शाळेत बारा वर्षे नाममात्र वेतनावर शिकविल्यानंतर तिची तुकडी बंद पडली आणि ती घरी बसली. आता तिने रेकीच्या दोन ‘डिग्र्या’ घेतल्या असून घराची पुढची खोली रिकामी करून तेथे लोकांना उपचार देण्याचा तिचा विचार आहे. पक्षाच्या कामात ती विद्यार्थिदशेपासून आहे. मोर्चाला येते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभेनंतर सतरंज्या गोळा करावयास थांबते. त्यामुळेच बहुधा संकोच वाटून तिने विचारले, “सर, हे करू की नको? आणि करायचंच झालं तर कसं करू?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेक साथी एका शब्दात देतील. मीही दिले असते. परंतु ज्याला दरमहा निवृत्तिवेतन मिळते त्याने ज्याचे वेतनच गेले आहे त्याला ‘नको’ म्हणणे फार सोपे असते. शिवाय वऱ्हाडात ही एकच बाई नाही. अमरावतीत आणि अकोल्यात नव्या वसाहतींतून फिरले की रेकीच्या, ‘ऊर्जा उपचारा’च्या पाट्या दिसतात. त्यांच्यामागे बहुधा शिकलेली, नोकरी न लागलेली किंवा नोकरी गेलेली स्त्री असते. यांतील काही आपल्या सहानुभूतिदार आहेत, हे मान्य केलेले बरे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचेच उत्तर येथे देतो. पहिल्याचे त्यातून आपोआप मिळेल.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. जपानमधील मिकाओ उसुई यांनी १९२२ साली तोक्योत या उपचाराची संस्था काढली आणि १९२६ साली ते वारले. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातील निवृत्त अधिकारी. त्यांच्याकडून ती हवाई बेटावरील हावायो ताकाता या जपानी वंशाच्या बाईंनी घेतली आणि पश्चिमेकडे नेली. ताकाताबाई १९८० साली वारल्या तेव्हा त्यांनी तयार केलेले ‘मास्टर’ २२ होते आणि मास्टर होण्याची दक्षिणा होती १०,००० डॉलर. आपल्याकडे ही लाट १९९० च्या दशकात पसरली, म्हणजे नव्या आर्थिक धोरणाच्या मागोमाग. हा योगायोग असेल, पण अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो नजरेआड करता येत नाही. सरकारने दवाखान्यातून हात आखडता घेण्यास आणि घराघरांतून हात ठेवणारे निघण्यास एकच काळ लागला.

रेकीवाले सांगतात की विश्वातील ऊर्जा उपचारकाच्या तळव्यांतून रुग्णाच्या देहात उतरते. ही ऊर्जा कोणत्याही उपकरणास आजवर सापडलेली नाही. उपकरणाचे राहू द्या, हातांना तरी ती कळते काय? रेकीची एक चुलत बहीण अमेरिकेत ‘थेराप्युटिक टच’ या नावाने परिचारिकांत रूढ होती. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने तिची परीक्षा घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशाला दोन भोके, त्यांतून उपचारकाने दोन्ही हात बाहेर काढावयाचे. पलीकडे बसलेली मुलगी नाणे उडवून ठरवी आणि आपला तळवा त्यांपैकी एका हातावर धरी. कोणत्या हाताजवळ ऊर्जा जाणवते एवढेच त्यांनी सांगावयाचे होते. २१ उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तर दिले. त्यांतील १२३ बरोबर निघाले, म्हणजे शेकडा ४४. डोळे मिटून अंदाज केला असता तरी ५० यावयाचे. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

मग लोकांना बरे वाटते ते काय? त्यांना बरे वाटते, हे खोटे नाही. माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, एकदा झोपून तर पाहा.” मी झोपलो. तिने डोक्यापासून घोट्यापर्यंत हात ठेवीत नेले, खोलीत मंद दिवा होता, कोणी बोलत नव्हते. विसाव्या मिनिटाला मला गाढ झोप लागली. ही सिद्धी माझ्या व्याख्यानांतही होती, फक्त तिला कोणी ऊर्जा म्हटले नाही.

या अनुभवाचा उलगडा एका प्रयोगात झालेला आहे. २०११ साली अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या १८९ कर्करुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटास नेहमीची शुश्रूषा मिळाली, दुसऱ्यास रेकी, आणि तिसऱ्यास रेकीची हुबेहूब नक्कल, म्हणजे हात तसेच ठेवलेले, पण ठेवणारा रेकी न शिकलेला. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा रेकीच्या गटास अधिक आराम वाटला. नकली रेकीच्या गटासही तितकाच वाटला. जी दीक्षा घेण्यासाठी माझ्या विद्यार्थिनीने पैसे मोजले, तिचा वाटा त्यात शून्य निघाला. एक माणूस दुसऱ्याजवळ शांतपणे बसला, त्याने हात ठेवला, घाई केली नाही, एवढ्याने तो आराम आला. नवशिक्या उपचारकाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी मनाशी पक्की केली पाहिजे. आपल्या हातात औषध नाही, आपल्यापाशी वेळ आहे. आपण विकणार ते रोगाचे निवारण नव्हे, पाऊण तासाची सोबत. ही सोबत प्रामाणिकपणे विकता येते. निवारण म्हणून विकली की ती फसवणूक होते, मग विकणाऱ्याची श्रद्धा कितीही शुद्ध असो.

केनेथ ॲरो यांनी १९६३ सालच्या एका लेखात दाखविले होते की वैद्यकाचा बाजार भाजीबाजारासारखा नसतो. विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते, आणि म्हणून तेथे परवाना, प्रशिक्षण आणि विश्वास यांची गरज पडते. रेकीच्या बाजारात त्याहून विचित्र स्थिती आहे. येथे विकणाऱ्यालाही माहीत नसते. रुग्णाच्या पोटात काय चालले आहे हे त्याला कळत नाही, तिला कळत नाही, आणि दोघे मिळून एका शब्दावर समाधान मानतात: ‘अडथळा’. म्हणून तिला मी पहिली अट घातली ती निदान न करण्याची. हात ठेवल्यावर यकृताच्या जागी उष्ण लागले, छातीशी थंड लागले, असे काही तिला वाटेल. वाटू द्यावे, परंतु तोंडाबाहेर काढू नये. घाबरलेल्या माणसाच्या कानावर पडलेला असा शब्द तो वर्षानुवर्षे उराशी बाळगतो. याच्या उलट प्रकार तर अधिक भयंकर. ‘आता सगळे मोकळे झाले आहे’ या एका वाक्याने रुग्ण गोळ्या बंद करतो.

गोळ्यांना हात लावावयाचा नाही, ही दुसरी अट, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारावा, ‘कोणती औषधे चालू आहेत?’ उत्तर वहीत उतरून घ्यावे आणि पुढच्या खेपेस पुन्हा विचारावे. साखरेचे इंजेक्शन, रक्तदाबाची गोळी, फिट्सचे औषध, क्षयाचा पूर्ण कोर्स, यांपैकी काही सुटलेले आढळले तर त्या दिवशी हात ठेवू नयेत, पैसे घेऊ नयेत आणि माणसाला डॉक्टरकडे परत धाडावे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या एका सहकाऱ्यास मधुमेह होता. निवृत्तीनंतर तो अशाच एका केंद्रात जाऊ लागला. त्याला शांत वाटू लागले, झोप येऊ लागली, आणि त्याने आपणहून इन्सुलिन कमी केले. केंद्रातील माणसाने ‘कमी करा’ असे सांगितले नव्हते, फक्त ‘करू नका’ असेही म्हटले नव्हते. पुढे पायाला जखम झाली. ती चिघळू लागली तेव्हा त्याला समजाविण्यात आले की उपचार सुरू झाल्यावर त्रास वाढतो, तो शुभ आहे, शरीरातले विष बाहेर पडते आहे. तीन आठवडे विष बाहेर पडत राहिले. त्यानंतर गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. तो केंद्रचालक दुष्ट नव्हता. त्याला जसे शिकविले तसे त्याने सांगितले. परंतु ‘त्रास वाढणे हीच सुधारणा’ हे सूत्र ज्या शास्त्रात असेल, त्या शास्त्राला आपली चूक कधीच कळणार नाही. बरे वाटले तर रेकीमुळे, आणि बिघडले तरीही रेकीमुळेच! नवशिक्याने गुरूचे बाकी सारे ऐकावे, हे एवढे ऐकू नये. त्रास वाढला की उपचार थांबवावयाचा आणि दवाखान्याचा रस्ता धरावयाचा.

आपल्या भागात राहून हे काम करणाऱ्याने आणखी काही गोष्टी ओळखावयास शिकल्या पाहिजेत, ज्या जपानी किंवा अमेरिकन पुस्तकांत सापडणार नाहीत. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत खेड्यातला माणूस येतो. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळते, घाम सुटतो, लाळ गळते अशी तक्रार करतो. घरच्यांना वाटते नजर लागली, उपचारकाला वाटेल ऊर्जा खचली. हे कीटकनाशकाचे विष असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा माणसाला पाऊण तास आडवे निजविणे म्हणजे त्याचा पाऊण तास चोरणे होय. त्याचे कपडे बदलावे, अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा आणि फवारलेल्या औषधाचा डबा त्याच्याबरोबर इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला पाठवावा. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना हाडासांध्यांत असह्य वेदनांचे झटके येतात. वेदना म्हटली की रेकीवाल्याचे हात शिवशिवतात, पण हा झटका रुग्णालयात हाताळावयाचा असतो. साप चावलेला, छातीत कळ आलेला, तापाने फणफणलेले मूल, गरोदर बाईचा रक्तस्राव, यांच्याबद्दल वेगळे सांगावयास नको असे मला वाटत होते. अनुभवाने वाटेनासे झाले आहे.

आणि एक माणूस असा येईल की ज्याचे काहीच दुखत नाही. तो गप्प बसेल, झोप लागत नाही म्हणेल, सोसायटीच्या नोटिशीचा विषय ओझरता काढेल. शेतकऱ्यांच्या आत्महत्या ज्या जिल्ह्यांत होतात तेथे हे काम करणाऱ्याने या माणसाला नुसते झोपवून परत पाठवू नये. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. तो हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना बोलवावे, १४४१६ या शासनाच्या मानसिक आरोग्य क्रमांकावर त्याचे बोलणे करून द्यावे आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. ऐकून घेण्याचा आपला गुण येथे कामास येतो, परंतु पुरा पडत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण नवशिक्याला ते कोणी शिकवीत नाही. नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करण्यास महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ ने मनाई आहे. तेव्हा नावामागे ‘डॉ.’ लावू नये आणि चिठ्ठीवर औषध लिहू नये. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा केंद्रीय कायदा मधुमेह, कर्करोग, अर्धांगवायू, फिट्स अशा अनेक रोगांवर उपचाराची जाहिरात करण्यास मज्जाव करतो. भिंतीवरची पाटी आणि मोबाइलवरून फिरविलेले चित्र, दोन्ही जाहिरातच. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर राज्याला जो जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. रेकीचा त्यात नामोल्लेख नाही.

नामोल्लेख नाही याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटात, पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाला तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची डंब्याची प्रथा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातील अवघ्या २२ दिवसांच्या बालकाला ६५ चटके दिल्याची बातमी आली आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तो दाखल व्हावयासच हवा होता. पण शहरातील वाचक ही बातमी वाचून कोरकू आईच्या अज्ञानावर हळहळतो आणि संध्याकाळी स्वतःच्या कंबरदुखीसाठी दूरस्थ रेकीचे पैसे मोबाइलवरून भरतो. भूमका लोखंड वापरतो, रेकीवाली नुसता हात, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसत नाही. पण आजाऱ्याला डॉक्टरपर्यंत पोहोचावयास उशीर व्हावा, ही हानी दोहोंकडे तीच. एकाच्या उशिराला रानातून दवाखान्यापर्यंतचे अंतर कारण आहे. दुसऱ्याच्या दारापासून दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर असतो.

मग तो दवाखान्यात का जात नाही? विद्यार्थिनीच्या खोलीत हिवरखेडकडची एक शेतमजूर बाई बसली होती. पैसे घेण्याचे अजून सुरू व्हावयाचे आहे, शेजारणीच्या ओळखीने आली होती. तिला मी हेच विचारले. ती म्हणाली, “दवाखान्यात त कोनी मान वर करून पायत नाई, बापू. इथं बाई घंटाभर आयकून घेते.” या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाह्यरुग्ण विभागात एकेका डॉक्टरापुढे रांग किती असते आणि एकेकाच्या वाट्याला किती मिनिटे येतात, हे आपण सर्व पाहतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ते साल उलटले, अडीच टक्के आले नाहीत. शस्त्रक्रियांसाठी विमा योजना आली. २०१२ साली ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. त्या योजनेने कित्येकांचे प्राण वाचविले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. रोजच्या दुखण्याचे दोन शब्द ऐकून घेणारा माणूस कोणत्याही योजनेत बसविलेला नाही. जी गोष्ट सार्वजनिक असावयाची तिची टंचाई झाली की तिचा खासगी बाजार उभा राहतो. पाण्याचे तसे झाले, शिक्षणाचे झाले. आता सहानुभूतीचे होत आहे.

पैशाविषयी तिने अडखळत विचारले. तिच्या गुरूने शिकविले आहे की फुकट रेकी देऊ नये, ऊर्जेची देवाणघेवाण झाली पाहिजे. यामागे ताकाताबाई सांगत ती एक गोष्ट आहे. उसुईंनी म्हणे क्योतोच्या वस्तीत भिकाऱ्यांना फुकट बरे केले, कामालाही लावले, आणि काही काळाने तेच भिकारी पुन्हा भीक मागताना दिसले. फुकट मिळाले म्हणून त्यांना किंमत कळली नाही, असा निष्कर्ष निघाला आणि दक्षिणेचा नियम झाला. गोष्ट खरी की रचलेली हे बाजूस ठेवू. तिच्यातला तर्क पाहा. माणूस पुन्हा भीक मागू लागला तर त्याला मिळालेल्या कामात पोट भरत होते काय, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारीतच नाही. दोष भिकाऱ्याच्या कृतघ्नतेचा! आपल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. कर्करुग्णांचे नातेवाईक तेथे उतरतात. फुकट किंवा जवळपास फुकट मिळाले म्हणून तेथल्या कोणाला ओसरीची किंमत कळली नाही, असे मी तरी ऐकलेले नाही.

तरी माझ्या विद्यार्थिनीने पैसे घ्यावेत असेच मी म्हणालो. तिच्या वेळेला मोल आहे. शाळेने तो बारा वर्षे जवळपास फुकट घेतला, आता निदान तिने तो फुकट देऊ नये. फक्त मोबदला वेळेचा असावा, गुणाचा नव्हे. एका वेळेचे पैसे त्याच वेळी. दहा बैठकांचे आगाऊ पैसे घेऊ नयेत, कारण पैसे भरलेला माणूस बिघडत चालला तरी बैठका पुऱ्या करतो. दूरस्थ रेकीचे पैसे मुळीच घेऊ नयेत. तेथे वेळही नाही आणि हातही नाही. अंगाला हात लावण्यापूर्वी विचारावे, बाईबरोबर तिचे माणूस बसू द्यावे, दार लोटून घेऊ नये. आणि तिसऱ्या डिग्रीसाठी, म्हणजे मास्टर होण्यासाठी, बचत गटातून कर्ज काढण्याचा बेत तिने सोडून द्यावा. या धंद्यात कमाई रुग्णांपेक्षा शिष्यांवर अधिक असते. प्रत्येक मास्टरला आणखी मास्टर घडवावे लागतात, आणि साखळीतील शेवटच्या दुव्याच्या हाती प्रमाणपत्र उरते, गिऱ्हाईक उरत नाही. हे ऐकून ती बराच वेळ बोलली नाही. अर्ज भरून झाला होता असे नंतर कळले.

पक्षाच्या शहर शाखेपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी एक महिनाभर जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी बसावे. केसपेपर काढल्यापासून डॉक्टरपुढे पोहोचेपर्यंत लागलेला वेळ आणि डॉक्टरपुढे मिळालेला वेळ, एवढेच दोन आकडे रुग्णागणिक वहीत टिपावेत. डॉक्टरांशी भांडू नये, तेही त्याच रांगेचे बळी आहेत. ते आकडे घेऊन रिक्त पदांसाठी आणि रुग्णांशी बोलणाऱ्या समुपदेशकांच्या कायम जागांसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. अशा जागा निघाल्या तर माझ्या विद्यार्थिनीसारख्या, ऐकून घेण्याची कला अंगी असलेल्या शिकलेल्या स्त्रियांना रीतसर शिकवून तेथे घ्यावे. शाखेच्या बैठकीत एका तरुण साथीने विचारले की रेकीवालीचा निषेध करावयाचे सोडून सर तिला नोकरी कशी मागता? मी म्हणालो, निषेधाचा ठराव तू लिही, सही मी करतो, पण वही घेऊन बसावयास कोण येणार ते आधी सांग. चार नावे आली आहेत. त्यांत तिचे एक आहे.

जाताना तिने पाटीचा मजकूर दाखविला होता. ‘रेकी उपचार केंद्र’ असा होता, खाली सात रोगांची नावे. सातही मी खोडली आणि ‘उपचार’च्या जागी ‘विश्रांती’ लिहिले. पेंटर म्हणे अक्षरांचे पैसे मोजतो. तिचे पैसे वाचले, पण अशा पाटीला माणसे येतील का, हे तिने मला विचारले आणि मला सांगता आले नाही.